'द फ्युजिटिव्ह': तिसरे पर्व पाहावे की चौथे?

'द फ्युजिटिव्ह' या अमेरिकन मालिकेचे सगळे 120 भाग पाहण्याइतका वेळ आता फार थोड्या जणांकडे असतो. बहुतेक भाग कथानकाच्या दृष्टीने स्वतंत्र असल्यामुळे एखादेच पर्व निवडून ते मन लावून पाहावे, हा विचार मला रास्त वाटतो. तो करणाऱ्यासमोर शेवटी दोन पर्वे उरतात. 1965-66 चे तिसरे हे कृष्णधवल पर्वांपैकी शेवटचे. 1966-67 चे चौथे संपूर्ण रंगीत आहे आणि बायकोच्या खुनाचा खोटा ठपका बसल्याने पोलिसांपासून पळत, एक हात नसलेल्या खऱ्या खुन्याला शोधत फिरणाऱ्या डॉ. रिचर्ड किंबलचे पळणे त्यातच संपते. मी दोन्ही पर्वे पाहिली आहेत, आणि पुन्हा पाहण्यासाठी त्यांपैकी एक निवडलेही आहे. माझी पसंती प्रत्येकाला पटेलच असा आग्रह नाही, पण तिच्यामागची कारणे निवड करणाऱ्याच्या उपयोगी पडतील असे वाटते.

मराठी प्रेक्षकाच्या बाबतीत एक गोष्ट आधी लक्षात घेतली पाहिजे. ही मालिका अमेरिकेत चालू होती तेव्हा मुंबईत दूरदर्शन केंद्रच नव्हते; ते 1972 मध्ये सुरू झाले. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची किंबलशी ओळख 1993 च्या हॅरिसन फोर्डच्या चित्रपटातून झाली. तो चित्रपट पाठलागाचा आणि कारस्थानाचा आहे, आणि त्या वाटेने मालिकेकडे येणारा प्रेक्षक साहजिकच जिथे पाठलाग जास्त आणि उलगडा हाताशी आहे त्या चौथ्या पर्वाकडे वळतो.

चौथ्याची बाजू दुबळी नाही. 22 आणि 29 ऑगस्ट 1967 रोजी दाखवलेला 'द जजमेंट' हा दोन भागांचा शेवट टीव्हीच्या इतिहासातली मोठी घटना आहे. नेहमीचे भाग एप्रिलमध्ये संपले, उन्हाळाभर जुने भाग पुन्हा दाखवले गेले आणि प्रेक्षकांनी तेवढे महिने वाट पाहिली. दुसरा भाग अमेरिकेत सुमारे 7 कोटी 80 लाख लोकांनी पाहिला असे मानले जाते, आणि त्या वेळी चालू असलेल्या टीव्ही संचांपैकी 72 टक्के संचांवर तोच लागलेला होता. 1980 मध्ये 'डॅलस' या मालिकेने मागे टाकेपर्यंत हा विक्रम टिकला. मालिका एखाद्या आठवड्यात नुसत्या थांबत, त्यांच्या नायकांचे पुढे काय झाले हे कोणी सांगत नसे, अशा काळात निर्माते क्विन मार्टिन यांनी चार वर्षे ताणलेली गोष्ट पूर्ण करून दाखवली. ज्याला मुख्यतः शेवट जाणून घ्यायचा आहे त्याने चौथे पर्व निवडले तर त्याला चूक म्हणता येणार नाही.

तरीही माझे पारडे तिसऱ्याकडे झुकले, आणि त्याचे कारण शेवटाशी नव्हे तर रात्रीशी निगडित आहे.

1966 च्या शरद ऋतूपासून अमेरिकेतील तिन्ही मोठ्या वाहिन्यांचे संध्याकाळचे मुख्य कार्यक्रम रंगीत झाले आणि त्यांच्याबरोबर हीही मालिका रंगीत झाली. त्या काळातल्या रंगीत फिल्मला कृष्णधवल फिल्मपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश लागत असे. शिवाय घरोघरच्या नव्या संचांवर रंग खुलून दिसावेत ही अपेक्षाही असणारच. परिणाम असा झाला की चौथ्या पर्वात मला खरा अंधार फारसा सापडतच नाही. रात्रीची गल्ली असो, मालगाडीचा डबा असो की स्वस्त हॉटेलातली खोली, कोपरान् कोपरा स्वच्छ दिसतो. भिंतीचा रंग दिसतो, कोटाचा रंग दिसतो, आणि ओळख लपवण्यासाठी किंबलने काळे केलेले केस किती काळे आहेत हेही दिसते. लपलेला माणूस मला इतका स्पष्ट दिसत असेल तर दहा पावलांवरून जाणाऱ्या शिपायाला तो का दिसत नाही, हा प्रश्न एकदा मनात आला की जात नाही. दृश्य कितीही चांगले लिहिलेले असो, त्यातली भीती माझ्यापुरती तिथेच ओसरते.

तिसऱ्या पर्वात हा प्रश्न पडत नाही. तिथे खोलीत शिरलेला किंबल आधी खिडकीपाशी जातो, पडद्याच्या फटीतून रस्त्याकडे पाहतो, त्याचा अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा काळोखात असतो, आणि जेवढे दिसत नाही तेवढ्यामुळेच तो माणूस किती दिवस झोपलेला नाही हे आपल्याला कळते. किंबल साकारणाऱ्या डेव्हिड जॅन्सनचा अभिनय फार थोड्यात होतो. मान खाली घालणे, चटकन नजर चुकवणे, ओठांच्या कोपऱ्यात येऊन लगेच विरणारे हसू, एवढ्यावर तो सारे सांगतो. त्या अभिनयाला सावली लागते. रंगीत चित्रात तेच हावभाव सपाट वाटतात; निदान मला वाटले. ज्यांना कृष्णधवल चित्राचा कंटाळा येतो त्यांचा अनुभव वेगळा असू शकेल, आणि चौथ्याचा पहिलाच भाग 'द लास्ट ओअ‍ॅसिस' ॲरिझोनाच्या उन्हात घडत असल्यामुळे तिथे रंग शोभून दिसतो हेही मान्य केले पाहिजे.

दोन्ही पर्वांतला फरक कथेतही कसा उतरला आहे हे पाहायचे असेल तर एक जोडी मुद्दाम शेजारी ठेवून पाहावी. तिसऱ्यातल्या 'लँडस्केप विथ रनिंग फिगर्स' या दोन भागांच्या कथेत किंबलचा पाठलाग करणारा पोलीस अधिकारी लेफ्टनंट जेरार्ड याची पत्नी मेरी नवऱ्याच्या त्या एकाच ध्यासाला कंटाळून निघून जाते, बसच्या अपघातात तिची दृष्टी जाते, आणि तिला हात देणारा अनोळखी प्रवासी किंबल असतो. चौथ्यातल्या 'सेकंड साइट'मध्ये स्फोटामुळे खुद्द किंबलला काही काळ दिसेनासे होते. दोन्हीकडे अंधत्व आहे. पण पहिल्या कथेत ते एका संसाराची झालेली पडझड उघडी करते आणि दुसऱ्या कथेत तो एक हात नसलेला खुनी निसटणार की सापडणार एवढीच उत्कंठा वाढवते. बार्बरा रशने साकारलेली मेरी पाहिल्यावर जेरार्डकडे केवळ पाठलाग करणारा अधिकारी म्हणून पाहणे अशक्य होते. जेरार्ड साकारणाऱ्या बॅरी मोर्सच्या संयत अभिनयाला त्या दोन भागांत जी खोली मिळते ती चौथ्यात मला 'द जजमेंट'पर्यंत मिळाली नाही.

एक हात नसलेला तो खुनी, फ्रेड जॉन्सन, तिसऱ्यात क्वचितच दिसतो. 'वाइफ किलर'मध्ये जखमी जॉन्सनवर उपचार करण्याची वेळ किंबलवर येते, म्हणजे ज्याने आपली बायको मारली त्यालाच जगवण्याची, आणि तो प्रसंग लक्षात राहतो. चौथ्यात विल्टन शिलर निर्माते म्हणून आल्यावर जॉन्सनच्या फेऱ्या वाढल्या. कधी तो गुंडांच्या ताब्यातल्या गावात भेटतो, कधी महाविद्यालयाच्या बागेत काम करताना. जॉन्सन साकारणाऱ्या बिल रेशचा चेहरा जबरदस्त आहे यात शंका नाही, परंतु वारंवार समोर आल्यामुळे त्याची दहशत कमी होते. दर आठवड्याला नव्या गावात, नव्या नावाने, नव्या हलक्या कामावर लागणारा आणि तिथल्या कोणाच्या तरी दुःखात गुंतणारा किंबल हा या मालिकेचा प्राण आहे, आणि जॉन्सनला जागा द्यायची म्हणून जागा त्याचीच कमी होते. सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार 1966 मध्ये मिळाला तो तिसऱ्या पर्वाच्या वर्षी, याचे मला नवल वाटत नाही.

चौथ्याच्या बाजूने एक गोष्ट मनापासून सांगतो. चार वर्षे जवळजवळ प्रत्येक दृश्यात असल्यामुळे जॅन्सन थकलेला होता आणि तो थकवा चेहऱ्यावर दिसतो. आणखी चार पावलेही हा माणूस पळू शकणार नाही असे शेवटी शेवटी वाटते, आणि कथेच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

'द जजमेंट' मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू नये, आणि ते पाहण्यासाठी चौथ्याचे उरलेले 28 भाग आधी पाहण्याची गरज नाही. जॉन्सनला लॉस एंजेलिसमध्ये अटक होते, टूसॉनमध्ये असलेल्या किंबलला ती बातमी वर्तमानपत्रातून कळते आणि तेथून गोष्ट स्वतःच्या पायावर चालू लागते. मनोऱ्यावरची झटापट लोकांना आठवते, पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न खुनाच्या रात्री सारे पाहूनही गप्प बसलेल्या माणसाचा, त्याच्या भित्रेपणाचा आणि शेवटी त्याने बोलावे की नाही याचा. सामान्य माणसाला एका निर्णयापाशी आणून उभे करण्याची ही रीत तिसऱ्या पर्वाची आहे, आणि म्हणूनच तिसऱ्यानंतर थेट 'द जजमेंट' पाहताना सांधा कुठे जाणवत नाही.

म्हणून ज्याला निवड करायची आहे त्याने तिसरे पर्व पूर्ण पाहावे आणि त्याला चौथ्यातले शेवटचे दोन भाग जोडावेत, असे मी सुचवीन. वेळ त्याहूनही कमी असेल तर तिसऱ्यातून 'लँडस्केप विथ रनिंग फिगर्स', 'वाइफ किलर' आणि 'इल विंड' निवडावेत. या तिसऱ्या कथेत जखमी जेरार्डचा जीव वाचवणे किंबलच्याच हाती येते. वेळ उरलाच तर चौथ्यातून प्रथम 'द आयव्ही मेझ' घ्यावा, कारण त्यात जॉन्सनच्या वाढलेल्या वावराचे चीज झाले आहे, आणि मग 'द ब्रेकिंग ऑफ द हॅबिट', ज्यात आयलीन हेकार्टची सिस्टर व्हेरॉनिका पुन्हा भेटते. मात्र त्याआधी पहिल्या पर्वातली 'एंजल्स ट्रॅव्हल ऑन लोनली रोड्स' ही तिची पहिली कथा पाहून घ्यावी, म्हणजे त्या दोघांची जुनी ओळख आपलीही असेल.