ईएसलिंटचं इम्पोर्ट प्लगिन, आठ महिन्यांनी: माझं भांडण एकट्या ‘नो-सायकल’शी

ईएसलिंट हा जावास्क्रिप्ट कोडमधल्या चुका दाखवणारा लिंटर; त्याचं इम्पोर्ट प्लगिन एक फाइल दुसरीतून काय मागवते, म्हणजे इम्पोर्ट करते, ते तपासतं. हा अनुभव मी रागाच्या भरात लिहायला घेतला होता. कोड एकसारखा दिसावा म्हणून इम्पोर्टच्या ओळींचा क्रम लावणाऱ्या ‘इम्पोर्ट/ऑर्डर’ नियमामध्ये अल्फाबेटाइज (वर्णानुक्रम) चालू केलं आणि सगळ्या रेपोवर, म्हणजे प्रकल्पाच्या सगळ्या कोडवर, आपोआप दुरुस्ती करणारा फिक्स चालवला. बदल फक्त ओळींच्या क्रमाचा, म्हणून रिव्ह्यूही कुणी नीट केला नाही. पुढच्या बिल्डला ॲप सुरूच होईना. कन्सोलवर रेफरन्स एरर: मॉडेल हा क्लास इनिशियलाइज होण्याआधी वापरला जातोय.

लिंटरने चालता कोड मोडला, असंच तेव्हा वाटलं. अर्धा दिवस गेल्यावर खरा प्रकार कळला. यूजर हा क्लास मॉडेलला एक्स्टेंड करतो (त्याच्यावर आधारलेला आहे), म्हणजे त्याची फाइल लोड होतानाच मॉडेल तयार हवा. उलट मॉडेलच्या फाइलला यूजर लागतो तो फक्त एका फंक्शनच्या आत. आधी मुख्य फाइलमध्ये यूजर वर होता: तो मॉडेलला बोलवायचा, मॉडेल पूर्ण व्हायचा, मग यूजर. वर्णानुक्रमाने मॉडेल वर गेला. आता तो स्वतः पूर्ण होण्याआधी यूजर चालू लागला आणि एक्स्टेंड्सच्या ओळीवर आपटला. दोन फाइली एकमेकींना इम्पोर्ट करतात असं हे वर्तुळ कित्येक महिने तिथेच होतं, नशिबाने क्रम बरोबर लागला होता इतकंच. ऑर्डरवरचा राग तिथेच संपला.

मग अशी वर्तुळं पकडणारा ‘नो-सायकल’ लावला. हा नियम मला मनापासून आवडतो आणि रोज छळतो. एक फाइल तपासायची तर त्याला तिच्या इम्पोर्टचे इम्पोर्ट, त्यांचेही इम्पोर्ट असं पार टोकापर्यंत जावं लागतं. कुठला नियम किती वेळ घेतो ते दाखवणारं टायमिंग=१ लावून पाहिलं, तर निम्म्याहून जास्त वेळ हा एकटा नियम खात होता. एडिटरमध्ये सेव्ह केल्यावर लाल रेघ यायची वाट पाहणं मला सहन होत नाही, म्हणून मॅक्सडेप्थ (किती खोल शोधायचं ती मर्यादा) १ वर आणला. वेग लगेच परतला. पण १ म्हणजे फक्त दोन फाइलींचं थेट वर्तुळ सापडतं. महिन्याभरात इंडेक्स फाइलमधून (इतर फाइलींचे एक्सपोर्ट एकत्र पुढे देणारी फाइल) फिरून येणारं चार फाइलींचं वर्तुळ आत शिरलं आणि लिंट हिरवंच राहिलं. वाचवलेला सगळा वेळ त्या एका दुपारी परत गेला. आता एडिटरमध्ये नियम बंद आणि सीआयमध्ये (कोड पुश केल्यावर सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या तपासणीत) पूर्ण खोलीवर चालू. हेच पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

न बदललेल्या फाइलींचे जुने निकाल वापरणाऱ्या कॅश फ्लॅगबद्दलही सावध राहा. ईएसलिंटची कॅश फाइलगणिक चालते. एका फाइलमधला एक्सपोर्ट काढला, तर तो इम्पोर्ट करणारी दुसरी फाइल बदललेली नसते, मग ती पुन्हा तपासलीच जात नाही आणि इम्पोर्ट केलेलं नाव खरंच एक्सपोर्ट होतं का ते पाहणारा ‘इम्पोर्ट/नेम्ड’ गप्प बसतो. सीआयमधून मी कॅश काढून टाकली.

सुखद धक्का दिला ‘नो-अनरिझॉल्व्ड’ने, म्हणजे इम्पोर्ट केलेली फाइल सापडते का ते पाहणाऱ्या नियमाने. माझ्या मॅकवर फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल चुकलं तरी चालून जातं, लिनक्स सर्व्हरवर तेच इम्पोर्ट पडतं. हा नियम मुळातच केस तपासतो, त्यामुळे तसली चूक आता पुश करण्याआधीच दिसते. मात्र पॅकेजमधलं काय बाहेर वापरता येतं ते सांगणाऱ्या ‘एक्सपोर्ट्स’ फील्डपुढे त्याचा नेहमीचा नोड रिझॉल्व्हर (फाइल शोधून देणारा भाग) अडखळतो आणि नीट चालणाऱ्या इम्पोर्टवरही ओरडतो. टाइपस्क्रिप्टवाला रिझॉल्व्हर लावल्यावर तो गोंगाट थांबला. आमचा कोड साध्या जावास्क्रिप्टचा आहे. तुमचा टाइपस्क्रिप्ट असेल, तर नेम्ड, नेमस्पेस आणि डिफॉल्ट हे नियम बंदच ठेवा, ते काम कंपायलर करतोच.

प्लगिन काढणार नाही. जुन्या एका वर्तुळात अजून चार फाइली अडकल्या आहेत. त्यांना लागणारे कॉन्स्टंट वेगळ्या फाइलमध्ये हलवतोय, आणि ते झालं की त्या जागेवरची, नियम तेवढ्यापुरता बंद ठेवणारी डिसेबल कॉमेंट काढून टाकेन.