सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन की ऑक्सालिप्लॅटिन?

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, केमो ठरली आणि फायलीवर यांतलं एखादं नाव आलं की घरचे पहिल्यांदा विचारतात, 'यांतलं सोसायला सोपं कुठलं?' मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. औषध डॉक्टरच ठरवणार, पण त्यांना काय सांगायचं आणि काय विचारायचं हे तरी आपल्याला कळायला हवं.

सिस्प्लॅटिन सर्वांत जुनं, १९७८ पासून वापरात. त्यात प्लॅटिनमला दोन अमोनिया आणि शेजारीशेजारी दोन क्लोराइड जोडलेले असतात. रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून ते जागेवर टिकतात. पेशीत क्लोराइड कमी. तिथे ते सुटतात, त्यांच्या जागी पाणी येतं आणि मग प्लॅटिनम डीएनएतल्या ग्वानिनला (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एकाला) चिकटतं. बहुतेकदा लगतच्या दोन ग्वानिनना एकदम धरतं. त्या जागी डीएनएचा दुपेडी गोफ वाकतो, त्याची नक्कल अडते, आणि दुरुस्ती जमली नाही की पेशी मरते. क्लोराइड समोरासमोर असलेलं ट्रान्सप्लॅटिन लगतच्या दोन ग्वानिनना असं धरूच शकत नाही. औषध म्हणून ते निकामी ठरलं.

कार्बोप्लॅटिन डीएनएवर तोच बंध घालतं. फरक इतकाच की क्लोराइडच्या जागचा गट फार सावकाश सुटतो. म्हणून मूत्रपिंड, कान आणि उलट्या यांचा त्रास कमी. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट मात्र जास्त घटतात. अंडाशयाच्या कर्करोगात पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या केमोच्या औषधाबरोबर ते सिस्प्लॅटिनच्या तोडीचं आहे, तिथे माझा कौल त्यालाच. पण वृषणाचा पसरलेला कर्करोगही सिस्प्लॅटिनने बरा होतो आणि कार्बोप्लॅटिन तिथे कमी पडतं. तिथे त्रास कमी म्हणून औषध बदलून मागू नका. सिस्प्लॅटिनने उंच पट्टीचे आवाज आधी जातात. भजनी मेळात हार्मोनियम धरणाऱ्याने हे आधीच सांगावं आणि कानांची तपासणी करून घ्यावी.

ऑक्सालिप्लॅटिनमध्ये अमोनियाच्या जागी एक मोठं कडं असतं आणि डीएनएला चिकटल्यावरही ते सुटत नाही. पेशीतली चुका हेरणारी एक दुरुस्ती यंत्रणा सिस्प्लॅटिनचा डीएनएशी झालेला जोड ओळखते, ऑक्सालिप्लॅटिनचा ओळखत नाही. २०१७ च्या एका संशोधनात तर असं दिसलं, की ऑक्सालिप्लॅटिन पेशी मारतं ते मुख्यतः रायबोसोम (पेशीतले प्रथिनं बनवणारे कारखाने) घडवण्याचं काम बिघडवून. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सिस्प्लॅटिनचा फारसा उपयोग होत नाही, ऑक्सालिप्लॅटिनचा होतो.

याचा त्रास वेगळाच. सलाइननंतर काही दिवस गारवा सोसत नाही. बोटांत सुया टोचतात, फ्रिजमधली सोलकढी घेतली तरी घसा आवळल्यासारखा होतो. म्हापशाच्या बाजारात बर्फातले बांगडे उचलणाऱ्या बाईचा धंदा डॉक्टरांना पहिल्याच भेटीत कळायला हवा. हा गारव्याचा त्रास ओसरतो. पण सलाइनमागून सलाइन साचत जाणारी बधिरता महिनोन् महिने राहू शकते. ब्लाउजचे हूक किंवा शर्टाची बटणं लावणं जड जायला लागलं, तर पुढच्या सलाइनच्या आधीच सांगा. मात्रा कमी करता येते, औषध थांबवताही येतं.