दोन उजव्या नांग्यांचा जीवाश्म खेकडा

ज्या जीवाश्मासाठी मी अनेक महिन्यांची बचत मोडली, त्याच्या चिठ्ठीवर ‘ज्युरासिक काळातील संपूर्ण खेकडा, वय १५ कोटी वर्षे’ असे लिहिलेले होते आणि त्यातले ‘ज्युरासिक’ व ‘संपूर्ण’ हे दोन्ही शब्द खोटे निघाले. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही. परंतु अशाच जोडकाम केलेल्या वस्तू त्यानंतरही विक्रीला ठेवलेल्या पाहिल्यामुळे, मी ज्या खुणांकडे दुर्लक्ष केले त्या सविस्तर लिहीत आहे.

पहिली शंका आकारावरूनच यायला हवी होती. ज्युरासिक खडकांतील बहुतेक खेकड्यांची पाठ एक-दोन सेंटीमीटरच्या पुढे जात नाही आणि तिच्यावर ठळक आडव्या खाचा असतात. माझ्या हातातली पाठ ९ सेंटीमीटर रुंद, फुगीर आणि जवळजवळ गुळगुळीत होती. हा फरक मला दिसला नाही असे नव्हे. दुर्मीळ वस्तू हाती लागल्याच्या आनंदात तोच मला तिच्या दुर्मीळपणाचा पुरावा वाटला.

वयाचा निकाल तर साध्या भिंगाने लागला असता. पाठीला चिकटलेल्या चुनखडकात मसुराएवढ्या चपट्या चकत्या होत्या आणि त्यांतल्या एका फुटलेल्या चकतीत कप्प्यांची घट्ट सर्पिल मांडणी स्पष्ट दिसत होती. हे न्यूम्युलाइट, म्हणजे एकपेशीय सागरी जीवांची कवचे. सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या इओसीन काळातील चुनखडकात ती विपुल असतात, ज्युरासिक खडकात मिळत नाहीत. चिठ्ठीने वय निदान नऊ कोटी वर्षांनी फुगवले होते.

नांग्यांबाबत माझी चूक अधिक लाजिरवाणी आहे. खेकडा वाढताना वारंवार कवच टाकतो. पाठीची मागची कड उचलली जाते, प्राणी मागे सरकत बाहेर पडतो आणि रिकाम्या कवचाचे भाग सुटे होऊन विखुरतात. त्यामुळे नुसती पाठ किंवा नुसती नांगी सापडणे हेच नित्याचे, आणि अखंड नमुन्याला पैसे जास्त मिळतात म्हणून उरलेले अवयव दुसरीकडून आणून बसवले जातात. माझ्या नमुन्यातील नांग्या चपट्या, आयताकृती आणि नितळ होत्या. त्या खेकड्याच्या नव्हत्याच. चिखलात बिळे करून राहणाऱ्या, कोळंबीसारख्या दिसणाऱ्या कॅलियानासाच्या होत्या, ज्याचे बाकीचे शरीर मऊ असल्याने बहुधा नांगीच तेवढी टिकते. शिवाय डावीकडे बसवलेल्या नांगीची फुगीर बाहेरची बाजू आत आणि सपाट आतली बाजू बाहेर आली होती, म्हणजे दोन्ही नांग्या उजव्याच. या प्राण्याला मोठी नांगी एकच असते, तेव्हा माझा ‘संपूर्ण’ खेकडा निदान तीन प्राण्यांचा होता.

विक्रेत्याने छायाचित्रे फक्त वरून काढलेली पाठवली होती आणि मी खालची मागितली नाहीत. वास्तविक खेकड्याची ओळख खालच्या बाजूशिवाय अर्धवट राहते. छातीच्या पट्टिकांची मांडणी आणि दुमडलेल्या पोटाची रुंदी तेथेच कळते. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दानिएल गिनो यांनी १९७७ मध्ये मांडलेले खेकड्यांचे मोठे विभाग तर जननछिद्रे पायांच्या बुडाशी आहेत की छातीवर, यावरच उभे आहेत. ती छिद्रे जीवाश्मात क्वचितच दिसतात हे खरे, पण माझ्या नमुन्याला खालची बाजूच नव्हती; दगडाच्या भुकटीत रेझिन (कृत्रिम राळ) कालवून थापलेला लेप होता. अतिनील दिव्याखाली खडक काळसर राहिला आणि तो लेप व नांग्यांभोवतीच्या डिंकाच्या रेघा निळसर पांढऱ्या उजळल्या.

तक्रार केल्यावर ‘डागडुजी गृहीतच धरायची असते’ असे उत्तर आले. पैसे परत मिळाले नाहीत. तुटलेला नमुना जोडण्यात गैर काही नाही, ते लपवण्यात आहे. आता मी खालची, दोन्ही बाजूंची आणि अतिनील प्रकाशातील छायाचित्रे, तसेच नमुना कोणत्या खडकथरातून निघाला याची लेखी नोंद मिळाल्याशिवाय व्यवहाराचे बोलणे सुरू करत नाही.

अॅसिटोनने डिंक मऊ करून दोन्ही नांग्या मी सोडवल्या. पाठ मात्र खरी आहे. तिच्या नव्या चिठ्ठीवर ‘खेकड्याची पाठ, इओसीन, स्थळ अज्ञात’ असे लिहिले असून, स्थळच माहीत नसल्याने तिची प्रजाती ठरवण्याचे काम तेथेच थांबले आहे.