शिवभोजन थाळी : दहा रुपयांत काय मिळतं?
स्टँडला रिक्षा लावून जवळच्याच केंद्रावर जेवलो. दोन चपात्या, वाटीभर भाजी, वरण, मूदभर भात. वरण पाणचट, पण गरम. चपात्या सकाळीच लाटलेल्या, कडा वातड. 26 जानेवारी 2020 ला योजना आली तेव्हाही दर दहाच होता. कोरोनात पाच केला, मग काही काळ फुकट. शहरात थाळीमागे 50 रुपये धरलेत, वरचे 40 सरकारचे.

आधी मोबाइलवर फोटो काढतात. माझ्या पुढच्या मावशींनी पदर सारखा केला, मग स्वतःच हसल्या. रांगेत समोरच्या टॉवरवरचे बिगारी, तिथलाच वॉचमन आणि लॅपटॉपची बॅग अडकवलेला एक पोरगाही. दीडलाच थाळ्या संपल्या, मागचे दहाबारा जण उपाशीच परतले. लवकर जा. लोणचं घरून न्या.