दहापट भिंग: चार महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीच्या शेवटी नागपूरच्या बर्डीवरून साडेचारशे रुपयांना घडीचं, दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं. तेव्हा पळस भरात होता. आता नवतपाही, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवसही, सरला. दर रविवारी पहाटे साडेपाचला मी आणि आई सेमिनरी हिल्स, अंबाझरी नाहीतर गोरेवाड्याच्या बाजूला जातो. आठ वाजले की ऊन टोचायला लागतं, मग घरी.

आधी झाडं ओळखायला मोबाईलवरचं ॲपच होतं. एप्रिलमध्ये गोरेवाड्याकडे पांढऱ्या फुलांचं एक लहान झाड दिसलं. ॲपने एका फोटोला पांढरा कुडा सांगितलं, दुसऱ्याला काळा कुडा. दोन्हींची पानं समोरासमोर, दोन्हींना पांढरा चीक, फुलंही पांढरीच. आईने फांदी वाकवून धरली, "पाह्य पटकन, हात दुखते," म्हणाली. भिंगातून फुलाच्या मधोमध बारीक पांढऱ्या झिरमिळ्या दिसल्या. ही झालर काळ्या कुड्याला असते, पांढऱ्याला नसते. मग जुन्या शेंगा शोधल्या: जोडीने लोंबणाऱ्या, टोकाशी एकमेकींना जुळलेल्या. काळा कुडाच! त्या आनंदात पाण्याची बाटली तिथेच विसरले.

भिंग धरण्याची पद्धत मला पंधरा दिवसांनी कळली. ते फुलाजवळ नाही, डोळ्याला अगदी लगटून धरायचं आणि फूल जवळ आणत जायचं. साधारण अडीच सेंटिमीटरवर एकदम स्वच्छ दिसतं. त्यानंतर रस्त्याकडेच्या एकदांडीनेही मला थांबवलं. जे एक फूल समजत होते तो फुलांचा गुच्छ निघाला: कडेची प्रत्येक 'पाकळी' म्हणजे टोकाला तीन दात असलेलं स्वतंत्र फूल, आणि मधली पिवळी टिकली म्हणजे पाच-पाच पाकळ्यांची चिमुकली फुलं. बेलाचं पान उजेडासमोर धरलं तर तेलाचे पारदर्शक ठिपके दिसतात, कागदी लिंबाच्या पानातही तसेच. दोन्ही एकाच कुळातली. घाणेरीला आई रायमुनियाच म्हणते. तिचे रंग बदलणारे गुच्छही एकदा असे पाहून घ्या.

उणिवाही आहेत. घडीचा स्क्रू महिन्याभरात सैल झाला, तो अधूनमधून आवळावा लागतो. मे महिन्यात घामाने काच धुरकट होते, मऊ सुती रुमाल जवळ हवाच. काळं धातूचं आवरण उन्हात इतकं तापतं की हातात धरवत नाही, म्हणून मी ते जाड दोऱ्यात ओवून दुपट्ट्याखाली ठेवते. भिंग उघडं ठेवून वाळल्या गवतावर विसरू नका, उन्हात ते आग लावू शकतं. त्यातून सूर्याकडे तर कधीच पाहू नका.

वीसपटीचं घेण्याचा मोह टाळा. मैत्रिणीचं वापरून पाहिलं. फूल अजूनच जवळ आणावं लागतं, दृश्य लहान आणि अंधारं होतं, वाऱ्यात हलणाऱ्या फुलावर ते ठरतच नाही. ॲप मी काढून टाकलेलं नाही. नावाचा अंदाज त्याच्याकडून घेते, खात्री मात्र भिंगातून करते. पाऊस पडला की गवतांचे तुरे पाहायचे आहेत.