कर्बवायू गावाखाली की समुद्राखाली?

डेन्मार्कमधील एका स्नेह्याने विचारले, की लोलान बेटावर रोडबीजवळ घर घ्यावे की नाही, कारण तेथील भूगर्भात कारखान्यांतून निघणारा कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) साठवता येईल का हे तपासण्याचा परवाना २०२४ मध्ये दिला गेला आहे. समुद्राखालची साठवण त्याच देशात निनी वेस्ट या जुन्या तेलक्षेत्रात २०२३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली होती, त्यामुळे दोन्ही पर्याय त्याच्यासमोर आहेत. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळच्या बारेंड्रेख्त येथे २००९-१० मध्ये आमचे घर विक्रीला असताना आम्ही हाच विचार केला होता, म्हणून हे लिहीत आहे.

वायू वर येईल का, या प्रश्नावर मला दोन पर्यायांत फारसा फरक दिसत नाही. आमच्याकडे जवळच्याच पेर्निसच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातील कर्बवायू, नैसर्गिक वायू काढून रिकाम्या होत आलेल्या दोन वायूक्षेत्रांत, साधारण १७०० आणि २७०० मीटर खोलीवर सोडायचा होता. ज्या खडकाने लाखो वर्षे नैसर्गिक वायू धरून ठेवला तो हाही धरील, हा युक्तिवाद मला तेव्हाही पटत होता. शेजारी कॅमेरूनच्या न्योस सरोवराचा दाखला देत, जिथे १९८६ मध्ये सुमारे १७०० माणसे गुदमरून मेली. पण तो वायू सरोवराच्या तळच्या पाण्यात विरघळलेला होता, त्यावर खडकाचे झाकण नव्हते. वायू वाहून नेणाऱ्या वाहिनीची भीती मात्र मला रास्त वाटते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने सखल भागात साचतो, आणि २०२० मध्ये अमेरिकेतील सटार्शियाजवळ वाहिनी फुटली तेव्हा मोटारींची इंजिनेसुद्धा बंद पडली होती. आमचे गाव तर पोल्डरमधले, म्हणजे बांध घालून पाणी उपसलेल्या जमिनीवरचे, समुद्रसपाटीच्याही खाली. अर्थात समुद्राखाली साठवायचे झाले तरी वाहिनीचा काही भाग जमिनीवरूनच जातो, हे मान्य केले पाहिजे.

समुद्राखालची साठवण बरी, हा माझा निर्णय झाला तो मात्र निराळ्याच त्रासामुळे. घर पाहायला आलेले एक जोडपे स्वयंपाकघरात नळ सोडून पाण्याचा जोर पाहत होते, आणि मध्येच बाईंनी फरशीकडे बोट दाखवून विचारले, "ते इथेच खाली का?" मी "बरेच खाली, १७०० मीटर" असे सांगितले आणि सांगताक्षणीच कळले की आकडा सांगायला नको होता. त्यानंतर आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने तोच प्रश्न विचारला. मूल्यांकन करणारे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी अहवालात याविषयी एक अक्षर लिहिले नाही, आणि निघताना दारात किंमत थोडी उतरवण्याचा सल्ला दिला. आम्ही ती दोनदा उतरवली. जमिनीत वायूचा एक कणही गेला नव्हता, तरी दीड वर्ष आमचे घर अडकून पडले. नोव्हेंबर २०१० मध्ये सरकारने प्रकल्प रद्द केला, आणि पुढच्या वसंतात घर विकले गेले. हे माझ्या एका घरापुरते आहे, त्यावरून सिद्धांत मांडण्याचा माझा हेतू नाही.

त्याच रॉटरडॅम बंदर परिसरातील, समुद्राखाली कर्बवायू साठवण्याचा पोर्थोस प्रकल्प पाहा. किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर, समुद्रतळाखाली तीन किलोमीटरहून खोल, वर्षाला सुमारे २५ लाख टन. हे प्रकरणही न्यायालयात गेले, पण वाद बांधकामातून निघणाऱ्या नायट्रोजनयुक्त प्रदूषणाचा होता, आणि २०२३ मध्ये मार्ग मोकळा झाला. नॉर्वेचे स्लाइप्नर हे समुद्राखालचे साठवणस्थळ १९९६ पासून चालू आहे. त्यांच्याच स्नोव्हिट या दुसऱ्या समुद्राखालच्या स्थळी खडकातील दाब अपेक्षेपेक्षा लवकर वाढला आणि २०११ मध्ये वायू दुसऱ्या थरात वळवावा लागला. समुद्र म्हणजे बिनघोर, असे म्हणूनच मी म्हणणार नाही. खर्चही अधिक येतो आणि देखरेख अवघड जाते. परंतु अशी अडचण कोणाच्या फरशीखाली उद्भवत नाही, आणि माझ्या तराजूत ही गोष्ट बरीच जड आहे.

रोडबीत निवृत्तीपर्यंत राहायचे असेल, तर मी त्याला अडवणार नाही, कदाचित घर स्वस्तातही मिळेल. पाच-सात वर्षांत विकायचे असेल, तर दुसरीकडे पाहावे, असे मी त्याला कळवले आहे. आम्ही आता हूक व्हान हॉलंडला राहतो. पोर्थोसची वाहिनी समोरच्या बंदराच्या पलीकडून समुद्रात उतरते. पाहुणे खिडकीशी उभे राहून जहाजे मोजतात; खाली काय आहे, हे अजून कोणी विचारलेले नाही.