पायथॉनचं पिकल: दोन वर्षं वापरल्यावरचा रिव्ह्यू

पर्वरीत आमचं छोटं ऑफिस आहे, होमस्टेवाल्यांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर करतो आणि त्यात पिकल, म्हणजे प्रोग्राममधली ऑब्जेक्ट साठवायचं पायथॉनमधलंच मॉड्यूल, दोन वर्षं वापरलं. वापरायला एकदम सोपं, तारखा, डेसिमलमधले रेट, आपले स्वतःचे क्लास काहीही द्या, एका ओळीत बाईट्स करून देतं आणि उघडलं की ऑब्जेक्ट जसंच्या तसं हातात. आपल्याच मशीनवर आपणच ठेवलेली कॅशे (पुन्हा लागेल म्हणून साठवलेला डेटा) असेल तर अजूनही 4 स्टार देईन.

पण आम्ही काय केलं, तर गेस्टचं अर्धवट भरलेलं बुकिंग पिकल करून कुकीत (वेबसाईट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीत) ठेवलं, म्हणजे ते गेलं गेस्टच्या ब्राउझरमध्ये आणि तिथून जे परत येईल ते सर्व्हरवर डोळे झाकून लोड. डिसेंबरचा सीझन तोंडावर आला होता तेव्हा टीममधली ज्युनियर मुलगी म्हणाली, "दादा, हे जरा बघा", आणि तिने स्वतः बनवलेली कुकी टेस्ट सर्व्हरला पाठवली तर तिथे तिची फाईल तयार झाली! पोटात गोळाच आला, कारण खऱ्या सर्व्हरवर गेस्टांचे फोन नंबर, आधारचे फोटो सगळं पडलेलं.

पिकलमध्ये नुसता डेटा नसतो, ऑब्जेक्ट कसं बनवायचं त्याच्या सूचना असतात, आणि क्लासची रिड्यूस मेथड (ऑब्जेक्ट परत कसं बनवायचं ते सांगणारी) वापरून त्यात "अमुक फंक्शन चालव" असं घालता येतं, मग ते फंक्शन सिस्टम कमांडचं का असेना, लोड करताना पायथॉन चालवतो. आम्ही लोड झाल्यावर टाईप चेक करत होतो, पण तोवर कमांड चालून गेलेली असते. डॉक्युमेंटेशनमध्ये ही वॉर्निंग अगदी सुरुवातीलाच आहे, मी वाचलीच नव्हती, चूक माझीच.

जावावाल्यांना 2015 मध्ये कॉमन्स कलेक्शन्स या लायब्ररीमुळे हाच धडा मिळाला. पायथॉनमध्ये यॅमल (सेटिंग वगैरे लिहायचा फाईल फॉरमॅट) वाचत असाल तर सेफ लोड हे फंक्शनच वापरा, आणि नेटवरून एआय मॉडेल उतरवणाऱ्यांनो, पायटॉर्च या एआय लायब्ररीची नेहमीची फाईल म्हणजे आत पिकलच, व्हर्जन 2.6 पासून त्यांनी वेट्स ओन्ली (फक्त मॉडेलचे आकडे लोड करायचे, वाट्टेल ते फंक्शन नाही) बाय डिफॉल्ट केलंय तेव्हा आधी अपडेट करा.

आम्ही आता जेसनवर (नुसता डेटा ठेवणारा टेक्स्ट फॉरमॅट) आलोय, तारखा आणि रेट स्ट्रिंग करून पाठवतो, वर एचमॅकची सही (आमच्याकडच्या गुप्त कीने केलेली, डेटा कोणी बदलला तर जुळत नाही), ती जुळली तरच पुढे. तीन दिवस गेले. जुन्या कुकी रद्द केल्याने काही गेस्टांना फॉर्म परत भरावा लागला, ज्यांचे नंबर होते त्यांना फोन करून सॉरी म्हटलं.